उभ्यानं प्यालेलं पाणी

नाशिक, रविवार

गौसिया आपा, तुला आन् घरच्या समद्यांना सलाम.

मी बरी हाय. हॉस्टेलचं जेवणही आता गोड लागतंय. अम्मीचा गुडघा कसा हाय?

आज वाईनच्या द्राक्षमळ्यांतून मॅरेथॉन पळाले. कोवळं ऊन, मागं डोंगर, लई देखणं होतं. द्राक्षं मात्र बारकी आन् बियांची. अब्बांनी आपल्या फळांच्या गाड्यावर ठेवली नसती.

वाटेत पाण्याची टेबलं होती. दोनदा मी खाली बसून प्याले. पाणी बसूनच प्यावं ही पैगंबरांची शिकवण, म्हणून आपले अब्बा फौजदारालासुद्धा आधी स्टुलावर बसवतात, ते कसं विसरू? एकानं विचारलं, "ताई, चक्कर आली का?" तेवढ्यात चौघी पुढं निघून गेल्या.

शेवटच्या टेबलापाशी मात्र मी बसले न्हाई. पळता पळता उभ्यानंच ग्लास घशात ओतला.

तिसरी आले, आपा. आन् बक्षीस काय, तर वाईनची बाटली!

अब्बांना फक्त नंबर सांग. ते गाड्यावरची केळी वाटत सुटतील, वाटू दे.

बाटली मी तिथंच टेबलावर ठेवून आले. उभ्यानं प्यालेलं पाणी कुठं ठेवू?

तुझीच,
अदिबा