नाल्यावरचं तोरण

प्रिय साधना,

आधी पेढा खा, मग वाच. तुझी आई आता सरपंच राहिली नाही. मला कुणी पाडलं नाही गं, मीच माझ्या खुर्चीखालचं गाव काढून दिलं. कालपासून आपली नवी बोरसरी परत मोठ्या बोरसरीत सामील झाली. वेशीवरची पाटी उतरवताना मी वरमाईसारखी मिरवत होते.

पोळ्यात तोरणाखाली पहिली जोडी कुणाची, यावरून भांडून तुझ्या आजोबांनी बैल नाल्याअलीकडे आणले आणि वेगळं तोरण बांधलं. मग वस्तीही आली. पुढे शाळा वेगळी, टाकी वेगळी, ग्रामपंचायतही वेगळी. थाट असा, की जणू आपला निराळा देश आणि नाला म्हणजे सरहद्द. ती ओलांडून तू महादेवरावांच्या कुलदीपशी लग्न केलंस, तेव्हापासून तुझे बाबा तुझ्याशी बोलले नाहीत, व्याह्यांशी तर नाहीच. गाव एक होवो न होवो, हा अबोला सुटावा एवढीच माझी आस होती.

उन्हाळ्यात आपला एक बैल म्हातारपणानं गेला. ट्रॅक्टर घेतल्यापासून तुझ्या सासऱ्यांकडेही एकच उरलेला. पण कपाशी डवरायला, ओळींमधलं तण काढायला जोडी लागतेच. शेवटी गड्यांमार्फत सावड ठरली: आपला एक, त्यांचा एक, पाळीपाळीनं दोघांच्या शेतात. मालक एकमेकांचं तोंड बघत नव्हते आणि बैल गुण्यागोविंदानं चालत होते. आपला सर्जा तर सुटला की त्यांच्याच गोठ्यात जाऊन उभा राही. तुझे बाबा नाल्याकाठून त्याला शिव्या देत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी झाली, बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले आणि मग कुठे दोघा व्याह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही जोडी न्यायची कुठल्या तोरणाखाली? एकटा बैल नेणं दोघांनाही कमीपणाचं. दिवसभर खल चालला. शेवटी तुझे बाबाच वैतागले, "बैलायले काई अडचन नाई, मंग आपल्यालेच काहून होऊन रायली?" तोरण नाल्याच्या पुलावर बांधलं. दोन्ही बैल खांद्याला खांदा लावून खालून गेले, पहिला कोण हे सांगायला कुणाला जागाच उरली नाही. पोळा फुटून बैल घराकडे निघाले तेव्हा दोघं व्याही गुलालानं ओळखू येत नव्हते. त्यानंतर गावं एक करायचे ग्रामसभांचे ठराव करायला मला फार बोलावं लागलं नाही.

आता नव्या पंचायतीला सरपंच हवी, जागा बाईची आहे. निवडणूक लढवली तर पुन्हा अलीकडचे-पलीकडचे होतील, म्हणून बिनविरोध करायचं ठरलं. मी त्यांना नको, त्यांच्याकडची आपल्याला नको. मग तुझे बाबा उठले आणि म्हणाले, "दोनी गावाची अशी एकच पोरगी हाय. इकडची लेक, तिकडची सून. साधनाले बोलवा." त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकून मला भरसभेत रडू आलं. तुम्ही शहरात राजापेठेत राहायला गेलात तरी नावं इथल्याच मतदार यादीत आहेत. सोमवारपर्यंत अर्ज भरायचा आहे. कुलदीपला म्हणावं, शिकवणीच्या क्लासला सुट्टी दे. अकोल्याच्या स्टँडवर तुझे बाबा घ्यायला येणार आहेत. मी म्हटलं, कुलदीप आणेल की तिला, तर माझ्यावरच खेकसले, "सरपंचाले घ्याले कोनी जाव लागन का नाई?"

तुझीच,
पद गेल्यानं हरखलेली आई