किंचाळणारी गाडी गप्प केल्याचा वृत्तांत

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरून वाकलो आहे, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे आम्ही मजेत. बाबांची भूक उत्तम, झोप उत्तम, डोळे मात्र दिवसेंदिवस अधू होत चालले आहेत. कान अजून शाबूत. संध्याकाळी माझी गाडी कोपऱ्यावर वळताना ब्रेक किंचाळले की तुझा हा धाकटा भाऊ काठी घेऊन उठतो आणि मी दाराशी पोचेपर्यंत फाटक सताड उघडं असतं. कारखान्याच्या फाटकावर चाळीस वर्षं पहारा केलेला माणूस. घरातल्या तेवढ्या एका कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिलेला नाही.

आता त्या किंचाळण्याविषयी. माझी नोकरी ग्रंथालयात, हे तू जाणतेसच. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं आणि संध्याकाळी अख्खी गल्ली दणाणून सोडत घरी यायचं, हे मलाही बरं दिसत नव्हतं. त्यातून शेजारचे दातवाले (निवृत्त दंतवैद्य, तू आलीस तेव्हा तुझी कवळी न विचारता तपासली होती ते) एकदा फाटकाशी येऊन म्हणाले की हा आवाज मी तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवला, आता म्हातारपणी तू मला ऐकवू नकोस. म्हणून तर तुला फोन केला. आतोबांच्या मागे एवढं गॅरेज एकटीने चालवलेल्या बाईला सोडून मेकॅनिककडे जाणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

तू सांगितलेलं सगळं मी कार्डांवर उतरवून घेतलं. एका सूचनेला एक कार्ड. इथपर्यंत ठीक होतं. पण पंचवीस वर्षांची सवय, हाताला कार्डं लागली की ती वर्णानुक्रमे लागतात. त्यामुळे रविवारी सकाळी माझ्यासमोर क्रम आला तो असा: ग्रीस, जॅक, नट, पॅड, सफाई. चाक काढण्याआधीच ग्रीस लावायला सांगतेयस म्हणजे त्यात काहीतरी खोच असणार, असं मला वाटलं. (तुझ्यावरची श्रद्धा, आत्या, दुसरं काय.) चाकाच्या फटींतून आत एक चकचकीत तबकडी दिसत होती, तिला मी बोटाने मनसोक्त ग्रीस चोपडलं. मग गाडी जॅकवर चढवली. मग नट. गाडी अधांतरी असताना नट पिळला की नटाऐवजी चाकच फिरतं, हे मला कळलं तेव्हा मी पान्याला लोंबकळत होतो. कंबर तिथेच गेली. मग विचार केला, एवढं ग्रीस लावलंय तर गुण आला का ते तरी बघावं, म्हणून गाडी खाली उतरवली आणि अंगणातल्या अंगणात चालवून पाहिली. आवाज अगदी बंद झाला होता. थांबणंही बंद झालं होतं. हँडब्रेक ओढेपर्यंत कुंपणाकडेच्या दातवाल्यांच्या दोन कुंड्या गेल्या.

बायकोने बाहेर येऊन आधी मला, मग कुंड्यांना आणि शेवटी कार्डांना पाहिलं. कार्डं पत्त्यांसारखी पिसून तिने पुन्हा लावली: आधी नट सैल, मग जॅक, मग सफाई, मग पॅड, आणि ग्रीस सगळ्यांत शेवटी, तेही फक्त पॅडच्या पाठीला आणि सरकत्या पिनांना. तेलकट पॅड फेकून मी नवे आणले. तबकडी ब्रेक साफ करायच्या फवाऱ्याने तीनदा धुतली. दातवाले कुंड्या विसरून हातात कानस नि तोंडात बघायचा आरसा घेऊन आले आणि नव्या पॅडच्या कडा त्यांनी अशा घासून दिल्या की मला आपोआप आ वासावासा वाटला. पुढे दोन दिवस हलके हलके ब्रेक दाबत पॅड बसवले. आता गाडी लोण्यावर सुरी फिरावी तशी थांबते. आवाज नावालाही नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटतो आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू.

एकंदरीत सगळं क्षेम. बायकोचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक (वर्णानुक्रमे),
भाचा

ता. क. नव्या पॅडच्या पहिल्या संध्याकाळी मी उतरून स्वतःच फाटक उघडलं, आत आलो, हातपाय धुतले, चहा घेतला. तासाभराने बाबा खिडकीतून वळून म्हणाले, "आज याला उशीर झाला." मी मागेच बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून ते चार वाजताच फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. मी येतो सहाला. वारा असतो, ऐकत नाहीत.

ता. क. २. "हॉर्न वाजव की," असं तू म्हणशील. वाजवला. बाबा हलले नाहीत. ऐकू आला नाही का, विचारलं, तर म्हणाले, "आला. हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी चाळीस वर्षं फाटक उघडलं. तुझ्यासाठी मी आपणहून उठायचो." आत्या, तेव्हा थांबण्यात कसूर न होता ही गाडी पुन्हा किंचाळायला कशी लावायची, एवढंच कळव. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. दातवाल्यांचीही हरकत नाही. त्या आवाजावर ते संध्याकाळची गोळी घेत असत, आता दोनदा चुकली.

ता. क. ३. तुझं उत्तर येईपर्यंत मी कोपऱ्यावर काच खाली करून जोरात खोकतो. काल पोचलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. बाबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात खोकल्याचं औषध घेऊन उभे होते. दोन चमचे मुकाट्याने घेतलं.