कान पास झाले

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

फोनवर आपली नुसती झटापट होते, म्हणून पत्रच बरं. तू हट्ट धरलास म्हणून काल सरकारी योजनेतल्या कानांच्या तपासणीला जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडून बाई एकेक शब्द बोलायच्या, तो आपण परत म्हणायचा. पंचवीसपैकी तेवीस बरोबर आले! मग बारीक शिट्ट्या, ऐकू आली की बटण दाबायचं. बाईंचा अंगठा हलला की मी दाबायचो. बत्तीस वर्षं कापडगिरणीच्या मागखात्यात काढलेला माणूस मी. त्या खडखडाटात आम्ही ओठ वाचूनच बोलायचो, चार माग पलीकडे चाललेली चेष्टासुद्धा कळायची. ती विद्या अजून शाबूत आहे.

तुझ्या आईपुढे मात्र ती चालत नाही. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलंय, त्यामुळे ओठांवरून काही म्हणजे काही लागत नाही. उजवा हात उचलत नाही, म्हणजे लिहूनही सांगता येत नाही. आवाज परत आलाय, भिंतीपलीकडे पुसटसा येतो, असं शेजारीण म्हणते, पण ती आली की ही भिंतीकडे तोंड करून गप्प. माझ्याशी जेवताना रोज काहीतरी बोलते, बहुधा तेच ते. मी पाणी दिलं, उशी दिली, खिडकी लावून पाहिली. ती नुसती डोळे मिटून घेते. ते एक वाक्य कळावं म्हणून जीव तुटतो गं.

सवडीने लिही.
तुझा बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. नमस्कार आहेच, पण आजचा दातओठ खाऊन केलेला आहे.

तुम्ही पास होऊन आलात! कान किती गेलेत ते त्यांना बघायचं होतं, आणि तुम्ही डोळ्यांची करामत दाखवून आलात. मी कार्यालयात फोन केला. तुमच्या कागदावर ‘सौम्य’ असं लिहिलंय, आणि कानाचं यंत्र फुकट मिळतं ‘मध्यम’च्या पुढच्यांना. फेरतपासणी एक वर्षाने. वर्षभर आईने काय करायचं? यंत्र विकत घ्यायचं तर तेवढ्या पैशांसाठी तिचे बोलण्याचे व्यायाम थांबवावे लागतील, आणि ते मी होऊ देणार नाही.

बरीच डोकेफोड केल्यावर तो माणूस म्हणाला, तपासणी कशी चुकली ते पेशंटने स्वतः लिहून दिलं तर अर्ज घेऊ. तेव्हा लिहून द्या की मी ओठ वाचून उत्तरं दिली. तुम्हाला जड जाणार, माहीत आहे मला. दारावरची घंटा ऐकू येत नाही हे कबूल करायला तुम्ही चार वर्षं घेतलीत. आता पुरे करा ते.

लोभ आहे तेवढा राहील. अर्ज दिल्याचं कळलं की वाढेल.
तुमची ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, वैतागलेले का होईनात.

कानांच्या योजनेचं कार्यालय, आणि नंबर कसे पुकारतात? तोंडाने! बाकांवर आम्ही वीस बहिरे, आणि खिडकीतला कारकून मान खाली घालून पुकारतोय. त्यातून त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. काय वाचणार, कपाळ! पहिल्या दिवशी माझा नंबर येऊन गेलासुद्धा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गृहस्थांना लक्ष ठेवायला सांगितलं. ते आनंदाने हो म्हणाले, पण त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खिडकीलाच चिकटून उभा राहिलो.

कारकुनाने माझा अर्ज वाचला, हसला, आणि मागच्या दोघांना वाचून दाखवला. त्यांचे ओठ दिसत होते. म्हातारा भलताच बेरकी आहे, असं म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर साहेब रजेवर, सोमवारी या. सोमवारी गेलो तर गुरुवारी या. राग त्यांचा येतो, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. ज्या गोष्टीची आयुष्यभर मिजास केली, तिनेच घात केला.

काल तुझी आई पुन्हा तेच बोलली. मी चष्मा पुसून, अगदी जवळ जाऊन तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने ताट ढकललं आणि रडायला लागली. माझं काय चुकलं, कळेना.

बाबा

२ मे

ती. बाबांस,
घाईत सा. न.

साहेबांच्या सहीसाठी मी रोज फोन करत होते. माझा आवाज ऐकला की ते आता उसासा टाकतात. अखेर सही झाली. सोळा तारखेला जा. बाईंना तोंडासमोर वही धरायला सांगा, आणि कृपा करून हुशारी दाखवू नका.

ठमी

२८ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

त्या तपासणीत पंचवीसपैकी चार आले. बाईंनी वही खाली घेतली तेव्हा मला वर बघवेना.

यंत्र परवा मिळालं. डोकं उठतं. पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, माझंच चावणं ऐकू येतं. संध्याकाळी तुझ्या आईला भरवायला बसलो आणि ती नेहमीचं बोलली. शब्द बोबडे होते, पण लागले. “असं बघू नका हो माझ्या तोंडाकडे.”

पाच महिने ती हेच सांगत होती. आणि ती जितक्यांदा सांगायची, तितका मी आणखी वाकून बघायचो.

काल मी वाटाणे सोलत खिडकीबाहेर बघत बसलो, तर ती तासभर बोलली. निम्म्या तुझ्याच तक्रारी होत्या. मान वळवून तिच्याकडे बघावंसं फार वाटतं. वळवत नाही.

पत्र पाठव, माया असू दे.
तुझा बाबा