आबांच्या जागी उभं राहताना

नाशिक, माघ वद्य पंचमी

आईच्या पायांशी चिमाजीचा दंडवत.

भागूच्या लग्नासाठी माझा कोट अडीच रुपयांत झाला. दोन रुपये जुन्या बाजारातल्या कोटाचे, आठ आणे खाजा शिंप्याला, कापड उलटून शिवल्याचे. आतली बाजू कोरी निघाली, फक्त वरचा खिसा उजवीकडे आला.

खाजा म्हणाला, "चिमाजीशेठ, उपरणं टाका, खिसा झाकेल."

म्हटलं, "झाकू कशाला? नाशकातली नवी तऱ्हा म्हणून सांगेन."

स्वच्छ धोतर, काळी टोपी आणि अंगाला नीट बसणारा एकच कोट. कपड्यांच्या बाबतीत आता मला कोणाला विचारावं लागत नाही.

साखरपुड्यात नवऱ्यामुलाचे मामा हळूच म्हणाले होते, "बाप गेलेली पोर. हिच्या मागे आहे कोण?" मी ते ऐकलं. म्हणून भागूच्या लग्नात आबांच्या जागी मी, तिचा भाऊ, ताठ उभा दिसलो पाहिजे. ती अजून रडते का? तू वेळेवर जेवतेस ना?

तू पाठवलेला आबांचा लाल फेटा पोचला. मांडवात टोपीऐवजी तोच घालायचा आहे. रोज आरशासमोर बसतो आणि तो सुटून खांद्यावर येतो. आई, मला फेटा बांधता येत नाही. दर लग्नात आबाच बांधून द्यायचे.

तुझा
चिमाजी