मागच्या खोलीची कडी

रविवार, ८ मार्च, सकाळ

प्रिय भिंगरी,

तू बरी आहेस असं धरून चालते, कारण बरी असलीस तरी तू कळवणार नाहीस आणि नसलीस तर मुळीच नाही. आम्ही दोघं ठीक. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, त्यामुळे वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि मी झोपेतही बाह्या जोडते. बाबा अजून रोज अंगणातल्या शेडमध्ये जातात. करायला काही नसतं. एखादी फळी घेतात, रंधा मारतात, हात फिरवून बघतात आणि परत भिंतीला टेकवून ठेवतात.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे कधी सरकत नाही, आणि या वेळी मला हवेबद्दलच सांगायचंय, पण जरा ऐसपैस. आपल्याकडे एसी बसतोय. हसू नकोस. ज्या घरात पंख्याने अंग दुखतं म्हणून झोपायच्या वेळी पंखा बंद व्हायचा, त्याच घराबद्दल बोलतेय मी.

एसीवाला परवा येऊन घर बघून गेला. गप्पिष्ट माणूस. प्रत्येक भिंत बोटाच्या पेराने वाजवून बघत होता, डॉक्टर पाठ वाजवतात तशी. कानामागे पेन्सिल होती, तेवढ्यावरच बाबांचं त्याच्याबद्दलचं मत चांगलं झालं. त्याचं म्हणणं असं की मोठ्या इमारतींत छतातून थंड हवेचे बोगदे फिरवलेले असतात (तुझ्या ऑफिसात असतील, जिथे तुम्ही म्हणे उन्हाळ्यात शाल पांघरून बसता), पण आपल्या घरात तसलं काही करायला गेलं तर छतच खाली येईल. म्हणून एक डबा आत भिंतीवर, एक बाहेर, आणि दोघांना जोडायला भिंतीला मुठीएवढं भोक. एका मशीनमध्ये एकच खोली थंड होणार. ती कुठली, ते ठरवा म्हणाला.

आम्हाला वाटलं, त्यात काय ठरवायचं? बाबांची मधली खोली. पण मधल्या खोलीला बाहेरची भिंतच नाही, हे इतकी वर्षं तिथे राहून आपल्याला कधी जाणवलं होतं का? चारही बाजूंनी घरच. एसीवाला म्हणाला, "पाइप नेईन मी दिवाणखान्यातून, पण पाण्याच्या नळीला उतार कुठून देऊ? पाणी काय माझं ऐकतंय?" शिवाय त्या खोलीला तीन बाजूंनी वाटा आणि दार एकालाही नाही. दिवाणखान्याचं तेच. "ही हवा रस्त्यावरच्या लोकांना वाटायचीय का?" म्हणाला. माझी वरची खोली चालली असती, पण बाबांच्या गुडघ्यांनी जिन्याशी केव्हाच काडीमोड घेतलाय. स्वयंपाकघराचं नाव निघालं तेव्हा बाबा म्हणाले, "त्यापेक्षा मला फ्रीजमध्येच ठेवा."

राहिली मागची खोली. तिथे शिरल्याबरोबर एसीवाला खूश झाला. बाहेरची भिंत आहे, दार एकच, खिडकी एकच, छत ठेंगणं. "अहो, ही आधी का नाही दाखवलीत?" मी खिडकी उघडायला गेले. बाबा तर उंबऱ्याबाहेरच उभे होते.

तर विचारायचं होतं, की तुझी पुस्तकं कुठे ठेवू? खोली आहे तशीच आहे. मान मोडलेला टेबललॅम्पसुद्धा तसाच वाकून उभा आहे. मी अधूनमधून झाडून घेते, बाकी कशाला हात लावलेला नाही. वरच्या माळ्यावर ठेवली तर चालतील का, एवढंच कळव.

ऊन वाढायच्या आत काम उरकायचंय. गेल्या वर्षी बाबांना उन्हाने जरा चक्कर आली होती, म्हणून आपली खबरदारी. काळजीचं कारण नाही.

पुस्तकांचं मात्र नक्की कळव.

तुझी
ताई


गुरुवार, २ एप्रिल, दुपार

प्रिय भिंगरी,

तुझा फोन आला. तू म्हणालीस, "माझी कुठली खोली? करा काय करायचं ते." मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि कामाला बसले. एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, ते गिऱ्हाइकाच्या आईने दाखवल्यावर कळलं.

मशीन बसलं. भोक पाडायला एसीवाल्याचा अख्खा दिवस गेला. तुझ्या पलंगामागची भिंत बाहेरून शहाणीसुरती दिसते, पण आत नुसता दगड निघाला. त्याचं यंत्र दोनदा अडकलं. बाबा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि तिथून सूचना चालू होत्या. "भोक बाहेरच्या अंगाला जरा उतरतं पाड, नाहीतर पाणी आत येईल." "माहीत आहे हो काका." "माहीत असेल, पण पाड." धुळीमुळे आत येत नसतील असं मला वाटलं. मी सगळ्या सामानावर चादरी टाकल्या होत्या. पुस्तकं माळ्यावर नेली नाहीत. का नेली नाहीत ते पुढे येईल.

संध्याकाळी मशीन चालू करून बघितलं. गार वारा आला, एसीवाल्याने आमच्याकडे कौतुकासाठी पाहिलं, आणि तेवढ्यात दार आपलं आपण उघडलं. लावलं, पुन्हा उघडलं. चौकट कललीय म्हणे. तो म्हणाला, "असं दार राहिलं तर मशीन रात्रभर धापा टाकेल. आतून कडी नाही का?" मग त्याने दाराच्या आतल्या बाजूला बघितलं. "होती वाटतं. ही भोकं आहेत. कुणी काढली?"

मी म्हणणार होते की जुनं घर आहे, असेल कुणी काढली. बाबा म्हणाले, "मी."

एसीवाल्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि हत्यारं गोळा करायला लागला.

भिंगरी, या गोष्टीबद्दल आपण तिघं आजवर एक अक्षर बोललो नाही, तर मीच आता लिहिते. आई गेली तेव्हा तू लहान होतीस, पण तुला आठवतं, मला माहीत आहे. ती बाथरूममध्ये पडली आणि दाराला आतून कडी होती. दार बाबांनी स्वतः केलेलं, जाड, पक्कं. गावभर त्यांच्या दारांचं नाव होतं. ते तोडायला त्यांना फार वेळ लागला. त्यानंतर घरातली एकूण एक आतली कडी निघाली. कुणी आत येऊ नये म्हणून आपण दोघी आंघोळ करताना बेसूर गाणी म्हणायचो.

पुढे तुला कडी हवीशी झाली, त्यात तुझं काही चुकलं नाही. त्या वयात मुलीला एक बंद दार लागतं. मी तेव्हाही तुझ्याच बाजूची होते, फक्त ते मोठ्याने म्हटलं नाही. तू बाजारातून पितळी कडी आणून बसवलीस, चांगली वाकडी, आणि तू परीक्षेला गेल्यावर बाबांनी ती काढून टाकली. तू आलीस, भोकं बघितलीस, हात धुऊन जेवायला बसलीस. पुढच्याच महिन्यात नोकरी धरून गेलीस ती गेलीसच. त्या दिवशी तुम्ही दोघं कडाकडा भांडला असतात तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. भिंगरी हे नाव तुला त्यांनीच ठेवलं होतं, शेडमधल्या लाकडाच्या सालींत गरगर फिरायचीस म्हणून. आता नुसतं "ती".

तर दाराचं सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेटी घेऊन आले. वरची बिजागरी सोडवली, मागे पत्र्याची पट्टी घातली, खालून दार जरासं रंधलं, आणि दार मुकाट्याने लागलं. राहिलंही. मी म्हटलं, चला, मिटलं. तर ते शेडमध्ये गेले आणि स्क्रूंचा जुना डबा घेऊन आले. तळाशी फडक्यात गुंडाळलेली तुझी कडी होती.

मी म्हटलं, "बाबा, दार आता आपोआप राहतंय. मशीनला कडी लागत नाही."

म्हणाले, "मशीनला नाही लागत. तिला लागते."

जुन्या भोकांत स्क्रू धरेनात. त्यांनी लाकडाच्या काड्या सरसात बुडवून भोकांत ठोकल्या, एक दिवस वाळू दिल्या, मग गिरमिटाने नवी भोकं पाडली. हात थरथरतात गं त्यांचे आता. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू बाह्या लाव." एवढ्याशा कडीला सबंध सकाळ गेली. दाराला चिकटून उभे होते सारा वेळ, खोलीत त्यापुढे एक पाऊल टाकलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांची गादी उचलून न्यायला लागले. तर, "थांब. तिला विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाली."

"तिच्या शब्दांत सांग."

मला खोटं बोलता येतं, पण त्यांच्या तोंडावर येत नाही. सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे हो नव्हे."

"मग काय आहे?"

"राग आहे. तुझ्यावरचा नाही, माझ्यावरचा. ती हो म्हणाली की मी जाईन."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाबा, ती येत नाही इथे. इतक्या वर्षांत आली नाही. कुणाची खोली आणि काय घेऊन बसलात?"

"येईल न येईल. खोली तिची आहे. एकदा न विचारता हात लावला, आता पुन्हा नाही."

तेव्हापासून हे असं चाललंय. तुझ्या भिंतीवर नवं कोरं मशीन आहे, त्यावर मी माझ्या उरलेल्या कापडाचा अभ्रा घातलाय, आणि बाबा मधल्या खोलीत छातीवर ओला पंचा टाकून पडलेले असतात. या आठवड्यात ऊन फार वाढलंय. मी समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एसीवाल्याला फोन करून त्याच्याकडूनही सांगवून घेतलं. त्यालाही म्हणाले, "मालकाची परवानगी यायचीय."

आता ते जरा चक्कर आली होती असं मी लिहिलं होतं ना, त्याबद्दल. जरा नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ते मला शेडमध्ये सालींवर पडलेले सापडले. शुद्ध नव्हती. इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, असा आणखी एक उन्हाळा त्यांना झेपणार नाही, काहीही करून गारव्यात ठेवा. बाबांनी तुला कळवू नकोस म्हणून बजावलं. पण मी त्यांचं ऐकलं ते आज्ञाधारक आहे म्हणून नाही. तुला कळवलं आणि तरी तू आली नाहीस, तर ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा न कळवणं सोपं होतं.

मला भीती वाटते, भिंगरी. रोज सकाळी जिना उतरताना मी आधी त्यांचा श्वास ऐकते, मग चहा ठेवते.

त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू बघ, आणि त्याला किती दिवस लागतील ते लागोत. पण खोलीचं तेवढ्यावर अडवू नकोस. एक सरळ हो पाठव. फोन केलास तर त्यांना बोलाव, त्यांच्या कानात सांग, माझ्या नको. मी सांगितलेलं आता चालणार नाही. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर तेही त्यांनाच सांग. मधे उभी राहून माझे पाय दुखतात.

तुझी पुस्तकं जागच्या जागी आहेत. त्यांनी हलवू दिली नाहीत.

कागदाचा खालचा भाग त्यांच्यासाठी सोडलाय. स्वतः लिहितो म्हणाले, कानामागची पेन्सिल काढून बसलेसुद्धा. मी वाचणार नाही असं कबूल केलंय, आणि मी असली कबुली किती पाळते ते तुला ठाऊकच आहे.

तुझ्याच बाजूची, आणि त्यांच्याही,
ताई


भिंगरी,

दार आता नीट लागतं. कडी आतून आहे. तुझीच आहे, सरळ बसवली. बाहेरून दार वाजवून पाहिलं, ताई आत उभी होती, तिला चांगलं ऐकू आलं.

उन्हाळ्यापुरता तुझ्या खोलीत झोपू का?

तू आलीस की मी लगेच मधल्या खोलीत जाईन. मग काही लागलं तर दार वाजवीन, आणि तू उघडेपर्यंत बाहेर थांबेन.

बाबा