पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या

सुंबरवारूच्या जामूवाल्या बायांनो, जामूच्या काढ्याच्या बाटल्यांची टोपली पाठीला बांधून तुम्ही दारोदार फिरता, आणि गेली सहा वर्षं दारातच ऐकता, "तुमचं औषध म्हणजे नुसतं गरम पाणी. तपासणीत सिद्ध झालंय." हा अपमान कोणामुळे झाला, ते या कागदात आहे. माझ्या पश्चात तो तुमच्यासमोर मोठ्याने वाचावा.

मी, मुर्तिनिंग्सिह, वय बहात्तर, दिवंगत वागिमान यांची पत्नी. बुद्धी शाबूत आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही.

१. घर व भातखाचर शरियतप्रमाणे मुलगा गुनार्तो याचं. मागच्या दाराचं बिजागर कुरकुरतं. त्याला तेल घालू नये. वागिमान त्याच दाराने घरात यायचे.

२. काढ्याचा दगडी पाटा तुकिनेमला. बाजारातल्या सभेत मी तपासणीवाल्यांवर आग पाखडत होते, तेव्हा तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बू मुर्ती, घसा बसल्यावर तरी खरं बोलशील का?" त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याशी अबोला धरला. तिचा संशय बरोबर होता.

३. खरं ते असं. शहरातून डॉक्टर लिस्त्यानी आल्या आणि साठ जणांसाठी बारा आठवड्यांच्या पुड्या देऊन गेल्या. निम्म्या पुड्यांत आपल्या मांजरमिशीच्या झाडाची पानं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी म्हणून आपण विकतो ती. निम्म्यांत कसलाच गुण नसलेला पाला. एका प्रकारच्या पुड्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, दुसऱ्या वेगळ्या रंगाच्या; कोणता दोरा कशाचा, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. उकळून घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

वागिमानना पांढरा दोरा आला. मी एक घोट चाखला. चाळीस वर्षं जामू उकळलेल्या जिभेला लगेच कळलं, पुडी पोकळ आहे. माझ्या माणसाने पोकळ पाणी प्यावं, हे मला सोसेना. परसातल्या मांजरमिशीची मूठभर पानं मी भांड्यात टाकली. मग वाटलं, उरलेल्या एकोणतीस जणांनी काय घोडं मारलंय? त्यांच्याही भांड्यांत टाकली, आणि पुढे बारा आठवडे रोज टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी वागिमान म्हणाले, "आज कडू लागतंय. तुझा हात लागलाय वाटतं."

"गुपचूप प्या."

"आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर?"

"सांगा, बायकोच कडू आहे."

दोन्ही गटांचे आकडे सारखेच उतरले. अहवालात लिहून आलं, फरक नाही. ते पानांमुळे उतरले, की त्या दिवसांत सगळ्यांनीच खारी मासळी कमी केली होती म्हणून? मला माहीत नाही. वागिमान पुढच्या वर्षी गेले. माझी पानं त्यांच्या शिरांत काही करत होती का, एवढंच मला कळायला हवं होतं. संध्याकाळी दार कुरकुरलं की अजूनही मी दोन पेले काढते.

४. परसातला मांजरमिशीचा वाफा, जो शरियतने वारसांबाहेर द्यायला मुभा दिलेल्या एकतृतीयांशाहून कमी आहे, तो तुमच्या संघाला, तपासणी पुन्हा व्हावी म्हणून. डॉक्टर लिस्त्यानींना मी सारं कबूल केलं आहे. त्यांचं उत्तर आलं, "बू, पुन्हा करू. फक्त या वेळी कोणी दया करू नका."

बायांनो, माझ्या मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला की पहिल्या सोमवारी त्या येतील. वाट्याला येईल त्या दोऱ्याची पुडी घ्या, आणि तिच्यात एक पानही न घालता बारा आठवडे प्या.

स्वाक्षरी: मुर्तिनिंग्सिह
साक्षीदार: पाक तुगिमिन, शिक्षक, पाक दार्सोनो, वाडीप्रमुख
सुंबरवारू, मध्य जावा. १४ जून २०२३