सरकणारी ताडपत्री

शनिवार, मे १९८४. पांढुर्णा.

आज थोरल्या दादाची, भाजीवाल्यांना सावली म्हणून बांधलेली ताडपत्री घरी आणायला बाजारात गेलो. ऊन फिरलं की दोरी ओढून सरकवायची, ही युक्ती त्याचीच. त्याला जाऊन महिना झाला.

दुपारचं ऊन अडवायला ताडपत्री आधीच पश्चिमेला सरकलेली होती. दोरीला त्याची डावखुरी गाठ. ती मला कधीच जमली नाही. दुसरं कोणी शिकलं असेल? कोण?

भाजीवाल्या शांताबाई म्हणाल्या, “आमी कोनी हात नाई लावत, भाऊ. ऊन फिरलं का सरकून राहिली आपोआप. तवा आमी वर पाहत नाई. जित्तेपनी बी तुमचे दादा असेच, न सांगता काम करनारे.”

गाठ सोडायला गेलो. दोरी घामानं ओली, आत्ताच कोणी धरून सोडल्यासारखी.

“राहू दे मग, दादा,” एवढंच म्हणालो. रिकाम्या हातानं परतलो.